इंग्रजी शिक्षकाचा पेशा : आशा आणि भीति

शालान्त परीक्षा जवळ येऊं लागली म्हणजे पुढें कोण व्हावयाचें याची चर्चा वर्गावर्गांतून सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी, संगणकतज्ज्ञ हीं नांवें मोठ्या आवाजांत उच्चारलीं जातात. परंतु दरवर्षीं एकदोन विद्यार्थी, व त्यांत मुलींचा भरणा अधिक, तास संपल्यावर मागें रेंगाळतात आणि खालच्या सुरांत विचारितात कीं, इंग्रजीचा शिक्षक व्हावयाचें असेल तर काय करावें लागतें? डॉक्टर होऊं इच्छिणारा मुलगा आपली इच्छा चारचौघांत सांगतो; शिक्षक होऊं इच्छिणारा ती एकांतांत सांगतो. हा संकोच कां असावा, त्यामागें ज्या भीति आहेत त्यांपैकीं कोणत्या खऱ्या व कोणत्या पोकळ, आणि जी भीति कोणी बोलून दाखवीत नाहीं परंतु जी प्रत्येक इंग्रजी शिक्षकानें जन्मभर बाळगावयास हवी ती कोणती, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण मुलाच्या आवाजांतील हा संकोच पुष्कळदां घरांतूनच आलेला असतो.

पहिली भीति अशी कीं, इंग्रजी ही आपली भाषा नव्हे. आपल्या घरीं ती कोणी बोलत नाहीं, आपलें हंसणें-रडणें मराठींत झालें, मग ही परकी भाषा आपण दुसऱ्यास कोणत्या तोंडानें शिकवावी? ही शंका वरवर पाहतां वाजवी दिसते, परंतु इतिहास तिला अनुकूल नाहीं. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री इ. स. १५७९ मध्यें गोव्यास उतरला तेव्हां तो तिशीच्या घरांत होता. येथील भाषा त्यानें प्रौढपणीं आत्मसात् केली, आणि इ. स. १६१६ मध्यें जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलें. इंग्रजास जर मराठींत पुराण रचतां येतें, तर मराठी मनुष्यास इंग्रजी शिकवितां येणार नाहीं असें कां मानावें?

दुसरें उदाहरण आपल्या अधिक परिचयाचें आहे. इ. स. १८८२ मध्यें पुण्यास हंटर शिक्षण कमिशनापुढें पंडिता रमाबाईंची साक्ष झाली ती मराठींत. अध्यक्षांच्या उपयोगासाठीं तिचें इंग्रजी भाषांतर करावें लागलें. त्या वेळीं बाईंचें वय चोवीस वर्षांचें होतें. त्यानंतर अवघ्या पांच वर्षांनीं, म्हणजे इ. स. १८८७ मध्यें, 'दि हाय-कास्ट हिंदु वुमन' हें त्यांचें स्वतःचें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. आणखी पहा : इंग्रजी व्याकरणावरील सात भागांचा जो विख्यात ग्रंथ इ. स. १९०९ पासून निघूं लागला व ज्याचा शेवटचा भाग कर्त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १९४९ मध्यें बाहेर पडला, त्याचे कर्ते ओटो येस्पर्सन हे डेन्मार्क देशाचे. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, आणि तरीही इंग्रजांच्या मुलांनीं आपल्या भाषेचें व्याकरण त्यांच्या ग्रंथांतून अभ्यासिलें.

किंबहुना आम्ही याहून एक पाऊल पुढें जाऊन असें म्हणूं कीं, ज्यानें एखादी भाषा कष्टानें मिळविली तोच ती मिळविण्याची वाट दुसऱ्यास नीट दाखवूं शकतो. ज्यास ती आईच्या दुधाबरोबर मिळाली त्यास त्या वाटेवरील दगडधोंडे दिसत नाहींत. मराठी मुलगा 'तूं येतोस का?' हें वाक्य इंग्रजींत नेतांना 'डू' हें क्रियापद कां विसरतो? कारण मराठींत प्रश्न विचारण्यास वाक्याच्या शेवटीं एक 'का' पुरतो. आरंभीं दुसरें क्रियापद आणून उभें करण्याची चाल आपल्याकडे नाहीं. 'ए' आणि 'दि' हीं उपपदें तो कां गाळतो? कारण त्यांना मराठींत जोडच नाहीं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन अक्षरांचा उच्चार तो एकच कां करितो? कारण आपल्याकडे दोहोंच्या वांट्यास एकच 'व' आला आहे. इंग्रजी क्रियापद वाक्याच्या मध्यें कां येतें, 'शिप' आणि 'शीप' यांत ऱ्हस्वदीर्घानें गलबताचें मेंढरूं कसें होतें, सव्वीस अक्षरांच्या पोटांत चाळीसांहून अधिक ध्वनि कसे कोंबलेले आहेत, हें सर्व मराठी शिक्षकास मराठी मुलाच्या बाजूनें उभें राहून समजावितां येतें.

आणि जेथें मुलाचें भांडवल आधींच तयार आहे तेंही त्यास दिसतें. 'जवळ' या शब्दांतील 'ज' आणि 'जीवन' या शब्दांतील 'ज' हे दोन निराळे ध्वनि आहेत. लिपींत त्यांस एकच अक्षर असून खेड्यांतील पांच वर्षांचें मूलही त्यांत घोटाळा करीत नाहीं. 'जवळ'मधील 'ज' हा इंग्रजी 'झेड'च्या अगदीं शेजारचा आहे. ही गोष्ट मुलास दाखवून द्या, आणि त्याचा चेहरा कसा खुलतो तें पहा! ज्या भाषेस तो भीत होता तिचा एक तुकडा त्याच्या जिभेवर पूर्वींपासूनच होता, असें त्यास कळतें. हें कळविण्याचें काम लंडनहून आलेल्या विद्वानाचें नव्हे. तें आपलें आहे.

दुसरी भीति उच्चाराची व चुकीची. वर्गांत आपली जीभ अडखळेल, एखादा हुषार मुलगा आपणांस न येणारा शब्द विचारील, शहरांतून आलेले पालक आपल्या बोलण्यास हंसतील, या भीतीनें कित्येक चांगलीं मुलें या पेशापासून दूर राहतात. पवित्र शास्त्राच्या वाचकांस मोशेची कथा ठाऊक आहे. आपणांस नीट बोलतां येत नाहीं अशी सबब त्यानें परमेश्वरापुढें सांगितली. परमेश्वरानें त्याच्या सोबतीस अहरोनास दिलें, परंतु कामांतून त्याची सुटका केली नाहीं. जिभेचा जडपणा ही मोठ्या कामास अडचण असेल; ती माघार घेण्याची परवानगी नव्हे.

याचा अर्थ असा नव्हे कीं, उच्चाराची हयगय करावी. इंग्रजींत शब्दाचा कोणता अवयव जोरानें उच्चारावा यावर पुष्कळदां अर्थ अवलंबून असतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असतांना जोर पहिल्या अवयवावर पडतो, क्रियापद असतांना दुसऱ्यावर. ज्यानें हें कधीं लक्ष देऊन ऐकलें नाहीं त्यानें तें ऐकावें. आज त्यासाठीं विलायतेस जावें लागत नाहीं, खिशांतील यंत्रावर रोज अर्धा तास उत्तम वक्त्यांचें भाषण ऐकावयास मिळतें. परंतु स्पष्ट बोलणें ही एक गोष्ट, आणि साहेबासारखें बोलणें ही दुसरी. पहिली आवश्यक आहे. दुसरी केवळ हौस आहे. शब्द अडला तर मेजावरील कोश सर्वांसमक्ष उघडून पाहावा. ज्या वर्गांत शिक्षक कोश उघडतो त्या वर्गांतील मुलेंही कोश उघडावयास शिकतात. मात्र आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण विसरतां कामा नये. जो पाठ्यपुस्तकापलीकडे इंग्रजीचें पान उलटीत नाहीं, महिन्याकांठीं एखादें पुस्तक आपखुशीनें वाचीत नाहीं, त्याची भीति पोकळ नव्हे. ती त्यास मिळालेली योग्य सूचना आहे.

तिसरी भीति अगदीं नवी आहे. इ. स. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी नांवाचें यंत्र लोकांच्या हातीं आलें, व त्यामागून तशींच आणखी आलीं. तीं सांगाल त्या विषयावर इंग्रजी निबंध लिहून देतात, मराठीचें इंग्रजी व इंग्रजीचें मराठी क्षणांत करितात, व्याकरणाच्या चुका दुरुस्त करितात. मग इंग्रजीच्या शिक्षकाची गरज तरी काय उरली, असें पालक विचारितात, व त्यांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्या शिक्षकाचें सारें काम मार्गदर्शिकेंतील उत्तरें फळ्यावर उतरून देण्याचें होतें, त्याची जागा यंत्रानें घेतली तर आम्हांस वाईट वाटणार नाहीं. तें काम शिक्षकाचें नव्हतेंच. परंतु तिसऱ्या बांकावरील मुलगी गेले आठ दिवस वाचावयास उभी राहिली कीं घसा खाकरते व खालीं बसते, तिला अक्षरें दिसत नाहींत, कीं शब्द येत नाहींत, कीं शेजारचीं मुलें तिला हंसतात, हें ओळखणें शिक्षकाचें काम आहे. यंत्रास विचारणाराच उत्तर मिळतें. वर्गांतील जीं मुलें विचारीतच नाहींत त्यांच्यासाठीं शिक्षक असतो.

यंत्राचा उपयोगही आम्ही नाकारीत नाहीं. ज्या गांवीं इंग्रजी शब्द कानांवर पडत नाहीं तेथील मुलास तें ऐकवील, न कंटाळता शंभर वेळां ऐकवील. परंतु यंत्रानें लिहिलेला निबंध वहींत उतरून काढणारा विद्यार्थी निबंध लिहावयास शिकत नाहीं. वाक्य मोडून पुन्हां जुळवितांना जो त्रास होतो त्या त्रासाचेंच नांव भाषा शिकणें असें आहे. तो त्रास कोठें घ्यावयाचा व कोठें वांचवावयाचा हें मुलास स्वतःस कळत नाहीं. तें सांगावयास जाणता मनुष्य लागतो. उद्यांचा इंग्रजी शिक्षक तो मनुष्य असेल.

चौथी भीति पालकांची आहे, आणि ती पोटाची आहे. आम्ही ती पोकळ म्हणणार नाहीं. पदवी, त्यानंतर सामाईक प्रवेशपरीक्षा देऊन बी. एड्.; पहिली ते आठवीच्या वर्गांस शिकवावयाचें असल्यास शिक्षक पात्रता परीक्षा, जी आपल्या राज्यांत इ. स. २०१३ मध्यें प्रथम झाली. आणि त्यापुढें जागेची वाट पाहणें, असा हा लांबचा रस्ता आहे. इ. स. २००० मध्यें सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेप्रमाणें नेमणूक झाल्यावरही पहिलीं तीन वर्षें मानधनावर काढावीं लागतात. माध्यमिक शाळेंत हें मानधन दरमहा ८,००० रुपये होतें, इ. स. २०२३ मध्यें तें वाढवून १८,००० रुपये करण्यांत आलें. विनाअनुदानित शाळांतून पूर्ण वेतनाविना वर्षानुवर्षें शिकविणारे पदवीधर आपल्या राज्यांत थोडेथोडके नाहींत. ज्या बापानें कर्ज काढून मुलास शिकविलें तो या आंकड्यांकडे पाहून कपाळास हात लावतो, त्यांत त्याचा दोष काय?

म्हणून जे या मार्गानें जाऊं इच्छितात त्यांस आमचें सांगणें असें कीं, डोळे उघडे ठेवून जा. इंग्रजीबरोबर दुसरा एक विषय पक्का करा. परीक्षा एकदां हुकली तर पुन्हां द्या. आणि एक गोष्ट आम्ही पालकांस हात जोडून सांगतों : मुलाच्या नोकरीसाठीं कोणाच्या हातावर पैसे ठेवूं नका, मग तो त्यास देणगी म्हणो कीं आणखी कांहीं म्हणो. राज्यांतील शिक्षक पात्रता परीक्षेंत झालेला गैरव्यवहार इ. स. २०२१ मध्यें उघडकीस आला, आणि पुढील वर्षीं सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करण्यांत आली. पैसा गेला, नोकरी गेली व अब्रूही गेली. याहून वाईट असें कीं, जो शिक्षक लबाडीच्या दारानें शाळेंत शिरतो तो परीक्षेंत नक्कल करणाऱ्या मुलास कोणत्या तोंडानें अडविणार? शेत विकून शिक्षक होण्यापेक्षां शेत करून सुखानें राहणें शतपट बरें.

पांचवी भीति थोड्यांसच वाटते, परंतु ज्यांस वाटते ते विचारी असतात. आपण इंग्रजी शिकवून मराठीचें नुकसान तर करीत नाहीं ना? मराठी शाळांतून पूर्वीं इंग्रजी पांचवीपासून शिकवीत, इ. स. २००० पासून तें पहिलीपासून शिकवूं लागले. तरीही पुष्कळ पालकांचें समाधान झालें नाहीं, व त्यांनीं मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातलें. अशा काळांत इंग्रजीचा शिक्षक मराठीचा वैरी ठरतो कीं काय, ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर आमच्या पूर्वजांच्या चरित्रांत आहे. 'निबंधमाला' लिहून मराठी गद्यास तेज आणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे शिक्षक होते, इ. स. १८८० मध्यें टिळकांसह त्यांनीं पुण्यास जी शाळा काढिली तिचें नांव 'न्यू इंग्लिश स्कूल'. बाबा पदमनजी मिशन शाळांतून इंग्रजी शिकले; त्यांनीं इ. स. १८५७ मध्यें 'यमुनापर्यटन' ही कादंबरी मराठीस दिली, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या हातीं ठेविला. आणि ज्या रमाबाईंनीं पांच वर्षांत इंग्रजी ग्रंथकर्त्री होऊन दाखविलें, त्यांनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें कशांत घालविलीं? हिब्रू व ग्रीक भाषा शिकून अवघें पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणण्यांत. इ. स. १९२२ मध्यें त्या निवर्तल्या, आणि त्यांचें भाषांतर इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्यास दुसऱ्या तीरावर जातां येतें तोच तेथील धान्य आपल्या तीरावर आणूं शकतो. मराठीचा वैरी तो, जो पलीकडे गेल्यावर परत येण्याचें विसरतो. यास्तव इंग्रजीच्या शिक्षकानें मराठीचें वाचन कधीं सोडूं नये. ज्यास आपल्या भाषेंत नेटकें वाक्य लिहितां येत नाहीं त्यास परक्या भाषेंत तें लिहावयास शिकवितां येईल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

असो. येथवर ज्या भीति सांगितल्या त्या सर्व स्वतःविषयींच्या आहेत : माझें कसें होईल, मला कोण हंसेल, माझें पोट कसें भरेल. आतां जी सांगावयाची ती दुसऱ्याविषयींची आहे, आणि आमच्या मतें खरी भीति तीच होय.

शास्ते यांच्या पुस्तकांत एक भयंकर कथा आहे. गिलादी व एफ्राइमी यांच्यांत युद्ध झालें. एफ्राइमी हरून पळूं लागले. यार्देन नदीचे उतार गिलादी लोकांनीं अडविले, आणि जो कोणी पलीकडे जाऊं म्हणे त्यास ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी मनुष्यास 'श' म्हणतां येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे. तेवढ्यावरून त्यास ठार करीत. त्या प्रसंगीं बेचाळीस हजार माणसें मारलीं गेलीं असें तेथें लिहिलें आहे. एका अक्षरासाठीं! वाचकहो, आपल्या देशांत तरवार कोणी उपसत नाहीं. परंतु इंग्रजीचा हा नदीचा उतार जागोजाग मांडलेला आहे. मुलाखतीच्या खोलींत, बँकेच्या खिडकीशीं, मोठ्या दवाखान्याच्या मेजापाशीं, आणि सांगावयास दुःख होतें, शाळेच्या वर्गांतही माणसाची पारख एका शब्दाच्या उच्चारावरून होते. ज्याचा 'श' चुकला त्याची बुद्धि, त्याचें घर, त्याच्या बापाचा धंदा हीं सारीं एका क्षणांत तोललीं जातात व हलकीं ठरतात.

इंग्रजीच्या शिक्षकास या उतारावर उभें राहावें लागतें. तेथें तो पहारेकरी होऊं शकतो, किंवा नावाडी होऊं शकतो. जो चुकीच्या उच्चाराची वर्गासमोर नक्कल करून हंशा पिकवितो, जो चांगलें इंग्रजी बोलणाऱ्या चार मुलांशींच तासभर बोलतो, जो शिक्षकांच्या खोलींत शिपायाशीं मुद्दाम इंग्रजींत बोलून आपला मोठेपणा मिरवितो, तो पहारेकरी होय. त्याच्या एका थट्टेनें मिटलेलें मुलाचें तोंड पुढें वर्षानुवर्षें उघडत नाहीं. असें मूल मोठें होतें, कामधंदा करितें, संसार करितें. परंतु इंग्रजी अक्षर पुढें आलें कीं त्याच्या पोटांत अजूनही गोळा उठतो. अशीं माणसें या लेखाच्या वाचकांतही असतील, व त्यांस आम्ही काय म्हणतों तें सांगावें लागणार नाहीं. आपल्या हातून असें एक तरी तोंड मिटेल कीं काय, ही भीति इंग्रजीच्या शिक्षकानें रोज वर्गांत जातांना बाळगावी. ज्यास ही भीति वाटते त्यास बाकीच्या भीतींचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. आणि ज्यास ती वाटत नाहीं त्याचें इंग्रजी कितीही उत्तम असो, त्यानें दुसरा धंदा पाहावा.

आतां आशेविषयीं. ती भाबडी असूं नये, म्हणून आपण हिशेबच करूं. पस्तीस मिनिटांची तासिका आणि वर्गांत साठ मुलें. शिक्षकानें स्वतः एक शब्दही न बोलतां सगळा वेळ मुलांस वांटून दिला, तरी प्रत्येकाच्या वांट्यास पस्तीस सेकंद येतात. एवढ्यांत कोणती भाषा येणार? परंतु हींच मुलें दोघादोघांच्या जोड्या करून बसविलीं, व दहा मिनिटें त्यांस फळ्यावरील चार प्रश्न एकमेकांस विचारावयास लाविलें, तर प्रत्येक मूल पांच मिनिटें बोलतें. वर्गांत गलका होतो खरा. शेजारच्या वर्गाचे शिक्षक डोकावून पाहतात. परंतु जें मूल सर्वांसमोर तोंड उघडीत नाहीं तें आपल्या सोबत्यापाशीं उघडतें. हें करावयास पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. तो गलका सहन करण्याची तयारी मात्र लागते.

दुसरा हिशेब पहा. दरवर्षीं दोन तुकड्या मिळून एकशेंवीस मुलें धरलीं, तर तीस वर्षांच्या नोकरींत एका शिक्षकाच्या हाताखालून ३,६०० मुलें जातात. त्यांतील फारच थोडीं इंग्रजी काव्य वाचतील. परंतु त्यांतील प्रत्येकास औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचाव्या लागतील, विम्याचा करार सहीपूर्वीं पाहावा लागेल, कर्जाच्या कागदावरील बारीक अक्षरें उलगडावीं लागतील. आपल्या राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणें उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजींत लिहिले जातात; ज्या शेतकऱ्याच्या बांधाचा निकाल तेथें लागला त्यास तो दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो, आणि वाचून दाखविणारा प्रामाणिक असेलच असें नाहीं. त्या शेतकऱ्याच्या मुलीनें तो कागद हातांत घेऊन बापास मराठींत त्याचा अर्थ सांगितला, तर तिच्या इंग्रजीच्या शिक्षकाचें सर्व आयुष्य सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं. बाप फसला नाहीं, याहून भाषेच्या ज्ञानाचा अधिक चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. सावित्रीबाई फुले यांनीं इ. स. १८५४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'काव्यफुलें' या संग्रहांत, ज्यांस विद्या नाकारली होती त्यांस इंग्रजी शिकण्याविषयीं कळकळीनें सांगितलें, तें याच भावनेनें. त्यांस ती मिरविण्याची वस्तु म्हणून नको होती. बेडी तोडण्याचें साधन म्हणून हवी होती.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांच्या मनांत हा पेशा आहे त्यांनीं आपली परीक्षा अशी करावी. इंग्रजीचें पुस्तक गुणांसाठीं नव्हे तर गोडीनें वाचावेंसें वाटतें काय? धाकट्या भावंडास एकच गोष्ट दहा वेळां सांगतांना धीर राहतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचें, जो आपल्याहून कमी जाणतो त्याच्यापुढें उभें राहिल्यावर आपणांस उंच झाल्यासारखें वाटतें, कीं त्याच्या शेजारीं बसावेंसें वाटतें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर खरें द्या. तें दुसऱ्या कोणासही सांगण्याचें कारण नाहीं. शेजारीं बसावेंसें वाटत असेल तर भिऊं नका, आणि पुढल्या वेळीं हा प्रश्न विचारतांना आवाज खालीं आणूं नका.

आणि पालकहो, तुमच्या मुलीनें उद्यां घरीं येऊन, मी इंग्रजीची बाई होणार, असें सांगितलें तर लागलीच पगाराचा आंकडा तिच्यापुढें टाकूं नका. तो तिला सांगावाच लागेल, व तो आम्हीही वर लपविलेला नाहीं. परंतु आधीं तिला एवढें विचारा कीं, तुला हें कां करावेंसें वाटतें? ती जें सांगेल तें शांतपणें ऐकून घ्या. पुष्कळदां त्या उत्तरांत तुमच्या घरांतील एखादा न वाचलेला कागद, किंवा तुमचेंच एखादें मिटलेलें तोंड तुम्हांस दिसेल.

इंग्रजीच्या उतारावर पहारेकरी पुष्कळ उभे आहेत. नावाडी थोडे आहेत. या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कांहींनीं तरी वल्हें हातीं घ्यावें, आणि ज्यांचा 'श' अद्यापि चुकतो त्यांस पलीकडे नेऊन सुखरूप परत आणावें, अशी आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.